पाच मिनिटांची पट्टी, होल्टर की घड्याळ? स्मृतिभ्रंशात ठोक्यांची कोणती नोंद कामाची

घरात स्मृतिभ्रंशाचं माणूस असलं की विसरणं सगळ्यांच्या लक्षात येतं. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणं, न्हाणीघरात पडणं, जुनाट बद्धकोष्ठ, लघवीवरचा ताबा जाणं, हे मात्र 'वय झालं आता' म्हणून सोडून दिलं जातं. यातलं बरंचसं स्वायत्त मज्जासंस्थेच्या बिघाडामुळे असू शकतं. रक्तदाब, घाम, आतडी, मूत्राशय, हृदयाचा वेग, हे सगळं आपल्या नकळत चालवणारी ही यंत्रणा. ठोक्यांवरून तिचा अंदाज घेता येतो, कारण निरोगी माणसाचे ठोके कधीच काटेकोर सारख्या अंतराने पडत नाहीत. श्वास घेताना वेग किंचित वाढतो, सोडताना उतरतो, आणि हा चढउतार मुख्यतः मेंदूकडून हृदयाकडे जाणारी व्हेगस नस घडवते. दोन ठोक्यांमधलं अंतर किती बदलतं, त्याच्या मोजमापाला एचआरव्ही (हार्ट रेट व्हेरिएबिलिटी) म्हणतात.

मी गोव्यात, फोंड्याला ईसीजी काढण्याचं काम करतो. रिपोर्ट घ्यायला आलेल्या मुलामुलींचा हल्ली ठरलेला प्रश्न असतो, "बाबांना होल्टर लावू, की सरळ ते घड्याळ घेऊ?" होल्टर म्हणजे अंगाला वायरी लावून चोवीस तास ठोके नोंदवणारं छोटं यंत्र. उत्तर द्यायच्या आधी एक गोष्ट सांगावीच लागते. एचआरव्हीने स्मृतिभ्रंशाचं निदान होत नाही. स्मृतिभ्रंशाच्या लुई बॉडी या प्रकारच्या रुग्णांमध्ये हा चढउतार अल्झायमरच्या रुग्णांपेक्षा कमी असल्याचं अभ्यासांत दिसतं, पण ती गटांची सरासरी झाली. एका माणसाचा आकडा बघून प्रकार ओळखता येत नाही, दोन्हीकडचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात. तरीही प्रकारांतला हा फरक क्षुल्लक नाही. लुई बॉडीच्या रुग्णाला भास-अस्वस्थतेसाठी दिलं जाणारं हॅलोपेरिडॉलसारखं औषध जिवावर बेतू शकतं. लुई बॉडीच्या निदानाच्या 2017 च्या आंतरराष्ट्रीय निकषांत स्वायत्त बिघाडाला आधार देणाऱ्या लक्षणांत जागा मिळाली आहे. डॉक्टर ठोक्यांची नोंद मागतात ती असल्या शंकेला जोड म्हणून.

पाच मिनिटांची पट्टी

पडून, स्वस्थ, पाच मिनिटांची ईसीजी नोंद. 1996 साली युरोप-अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांनी मिळून ठरवलेले मानक आजही यासाठी वापरतात. त्यात आरएमएसएसडी, म्हणजे लागोपाठच्या ठोक्यांच्या अंतरांत किती फरक पडतो तो आकडा, व्हेगसच्या कामाशी जास्त जवळचा. रिपोर्टात एलएफ-एचएफ (संथ आणि जलद चढउतारांचं) गुणोत्तरही छापलेलं असतं आणि घरचे नेमके त्याच्यावरच बोट ठेवतात. 'सिंपथेटिक (वेग वाढवणारी बाजू) किती, पॅरासिंपथेटिक (वेग उतरवणारी) किती' याचा तराजू म्हणून ते वाचण्यावर तज्ज्ञांतच वाद आहे, तेव्हा त्याच्यावर झोप उडवून घेऊ नये.

या नोंदीला जोडून काही कृती करवून घेतात. मिनिटाला सहा खोल श्वास, नळीत फुंकून 40 मिलिमीटर दाब 15 सेकंद धरणं, झटकन उभं राहणं, मुठीने यंत्र दाबून धरणं. मधुमेहाच्या रुग्णांसाठी हा संच उत्तम आहे. स्मृतिभ्रंशात तो इथेच अडतो. "आत घ्या... सोडा" म्हटल्यावर पहिला श्वास बरोबर येतो, दुसऱ्याला आजी विचारतात, "किदें म्हणलें?" (काय म्हणालात?) मुलगी घाईने, "आई, ओगी राव गे मातशें!" (जरा गप्प राहा गं!) आई तिला उत्तर देते, आणि बोलल्यामुळे श्वासाचा ताल मोडून ती पाच मिनिटं वाया जातात. नळीत फुंकायचं तर निम्मी हवा गालातच राहते. असा निकाल 'बिघाड आहे' म्हणून छापून आला तरी खरा बिघाड असतो तो सूचना न समजण्याचा.

म्हणून आजार सौम्य असेल, माणूस सांगितलेलं करत असेल, तर या संचासारखं दुसरं काही नाही. मध्यम टप्प्यावर नुसती पडून घेतलेली शांत नोंद आणि उभं राहिल्यावरची नोंद, एवढंच मागावं. घरच्यांपैकी एकानेच आत यावं, आणि त्याने गप्प बसावं.

चोवीस तासांचा होल्टर

होल्टरला सूचना पाळाव्या लागत नाहीत, हा त्याचा मोठा गुण. झोपेतली नोंद मिळते, आणि रात्री माणूस सहसा बोलत नाही, फारसा हलत नाही, तेव्हा ती बऱ्यापैकी स्वच्छ असते. पण वायरी ओढणं हा संध्याकाळी अस्वस्थ होणाऱ्या रुग्णाचा आवडता उद्योग. त्यात आपली हवा. एप्रिल-मेमध्ये घामाने इलेक्ट्रोड सुटतात. कातडी स्पिरिटने पुसून, कोरडी करून, वरून चिकटपट्टी लावून, पाठीमागे बटणं येतील असा सदरा घातला तर रात्रभर टिकण्याची शक्यता वाढते.

दुसरी अडचण रिपोर्टातली. चोवीस तासांचा एसडीएनएन, म्हणजे ठोक्यांमधली अंतरं एकूण किती कमीजास्त होतात तो आकडा, हालचालीवरही अवलंबून असतो. दिवसभर बाल्कावात (घरापुढच्या ओसरीत) आरामखुर्चीत बसलेल्या माणसाचा आकडा कमी येणारच. त्यातला मज्जासंस्थेचा वाटा किती आणि बसून राहण्याचा किती, हे आकडा सांगत नाही. आणि हा एसडीएनएन पाच मिनिटांच्या एसडीएनएनशी कधीही ताडून बघू नये.

होल्टरची खरी गरज वेगळ्याच प्रश्नासाठी पडते. चक्कर येऊन शुद्ध हरपत असेल तर ठोके मध्येच थांबतात का, हे तोच दाखवतो. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्माइन, गॅलँटामाइन ही स्मृतीची औषधं हृदयाचा वेग कमी करू शकतात. ती सुरू करण्याआधी साधा बारा लीडचा ईसीजी काढलेला बरा, आणि गोळी लागू झाल्यावर माणूस कोसळला तर होल्टर. ठोके सुरळीत असताना फक्त एचआरव्हीसाठी चोवीस तास वायरी लावायला मी तरी कुणाला सांगणार नाही.

मनगटावरचं घड्याळ

घड्याळ बहुतेक वेळ ईसीजी घेत नाही, कातडीवर प्रकाश टाकून नाडी मोजतं. हात हलला की मोजमाप बिघडतं. काही कंपन्या एसडीएनएन दाखवतात, काही आरएमएसएसडी, त्यामुळे शेजाऱ्याच्या घड्याळाशी तुलना व्यर्थ. ईसीजीची सोय असलेल्या घड्याळातही नोंद 30 सेकंदांची, आणि त्यासाठी दुसऱ्या हाताचं बोट स्थिर धरावं लागतं. ठोके अनियमित पडताहेत एवढी चाहूल त्यातून लागू शकते. मज्जासंस्थेच्या तपासणीसाठी म्हणून घेऊ नका.

न विचारलेला चौथा पर्याय

मला विचाराल तर सगळ्यांत आधी घरातलं रक्तदाबाचं यंत्र बाहेर काढा. पाच मिनिटं पडून राहू द्यायचं, दाब आणि ठोके लिहायचे. मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा. धरायला दुसरं माणूस हवंच. तीन मिनिटांत वरचा दाब 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर ते उभं राहिल्यावरचं रक्तदाब-पतन. आता ठोक्यांकडे बघा. दाब 30 ने उतरला आणि ठोके 15 सुद्धा वाढले नाहीत, तर मज्जातंतूंच्या बिघाडाचा संशय बळावतो. शरीरात पाणी कमी झाल्याने दाब उतरला असता तर ठोके चांगलेच वाढले असते. बीटा ब्लॉकर (ठोके मंदावणारं औषध) चालू असेल तर मात्र हा हिशेब चुकतो. दुपारी भरपेट शीत-हुमण (भात आणि माशाची आमटी) जेवून उठतानाही एकदा मोजा, काहींचा दाब तेव्हाच पडतो. इथे रुग्णाला काही समजावं लागत नाही, फक्त पडायचं आणि उभं राहायचं.

लुई बॉडीच्या शंकेला आणखी पक्का आधार हवा असेल तर हृदयाचं एमआयबीजी स्कॅन असतं, किरणोत्सारी औषध टोचून गॅमा कॅमेरा असलेल्या केंद्रात काढलेलं. लुई बॉडीत हृदयात औषध कमी शोषलं जातं, अल्झायमरमध्ये सहसा नीट. ते मेंदूविकारतज्ज्ञाने सुचवल्यावरच करावं.

गोव्यात एक गोष्ट कुठलीही नोंद वाचताना विसरू नये. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वांत जास्त गोव्यात आढळलं, 26.4 टक्के. मधुमेह स्वतःच या नसा खराब करतो. म्हणजे वीस वर्षं साखर असलेल्या आजोबांचा एचआरव्ही कमी आला, तर दोष स्मृतिभ्रंशावर लगेच टाकता येत नाही. एमआयबीजीचंही तसंच. औषधांचंही बघावं लागतं. नैराश्य किंवा नसांच्या दुखण्यासाठीचं अॅमिट्रिप्टिलीन आणि लघवीसाठीचं ऑक्सिब्युटिनीन चढउतार दाबतात, शिवाय विसरभोळेपणा वाढवतात. प्रोस्टेटसाठीचं टॅम्सुलोसिन उभं राहिल्यावरचा दाब पाडू शकतं.

बांबोळीला, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, किंवा जिल्हा इस्पितळात जाताना म्हणूनच औषधांची सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, आणि आठवडाभराची पडून-उभं राहूनची वही. पेसमेकर असेल किंवा एट्रियल फिब्रिलेशन (ठोके अनियमित पडण्याचा विकार) असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगा. अशा ठोक्यांवरून एचआरव्ही काढण्यात अर्थ नसतो, मग पट्टी पाच मिनिटांची असो की चोवीस तासांची.