कोझुमेलची डाइव्ह: जहाजाकडून घ्यावी की थेट दुकानाकडून?

मायामी किंवा टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनहून सुटणाऱ्या बऱ्याच क्रूझ मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाला थांबतात. ओपन वॉटर कार्ड, म्हणजे स्कूबा डायव्हिंगच्या पहिल्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, असणाऱ्याला मग तिकीट काढल्यापासून एकच प्रश्न छळतो: डाइव्ह जहाजाच्या सहलींमधून घ्यायची, की बेटावरच्या एखाद्या डाइव्हच्या दुकानाशी आधीच पत्रव्यवहार करून ठरवायची? (मालवणात प्रशिक्षकानं सिलिंडर धरून फिरवून आणलं असेल, तर ते कार्डात मोजत नाहीत. नवशिक्यांची सहल वेगळी असते. ही तुलना कार्डवाल्यांसाठी.)

पैशांचं पटकन उरकतो. मरीन पार्कची (संरक्षित समुद्राची) फी, टॅक्सी, भाड्याचं सामान आणि टिप धरूनही थेट दुकान सहसा स्वस्त पडतं. समुद्र दोघांचा एकच, प्रवाळांच्या जागाही त्याच: पालांकार, सांता रोसा, पॅराडाइज. कधीकधी तर जहाज ज्याच्याकडे पाठवतं तो माणूसही तोच असतो. तेव्हा नुसत्या पैशांवर ठरवू नये.

जहाजाची बाजू खरोखर भक्कम आहे ती वेळेच्या बाबतीत. त्यांच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, नाहीतर तुम्हाला पुढे पोहोचवायची जबाबदारी तरी घेतं. स्वतः ठरवून गेलात आणि चुकलात, तर पुढचं बंदर स्वखर्चानं गाठा. हिवाळ्यात उत्तरेचा वारा, तिथल्या भाषेत ‘नॉर्ते’, सुटला की बंदर अधिकारी लहान बोटींना बंदर बंद करतात, आणि मग डाइव्ह दोघांचीही जाते. अशा वेळी जहाज पैसे आपणहून खात्यावर जमा करतं. दुकानंही बहुधा परत देतात, पण ‘जहाज धक्क्याला लागलंच नाही तर पूर्ण परतावा’ हे त्यांच्याकडून आधी लेखी घ्या.

थेट जाणाऱ्याची गाडी चुकते ती बहुतेक वेळा घड्याळामुळे. कोझुमेल ज्या किंताना रो राज्यात आहे, तिथे 2015 पासून घड्याळ वर्षभर एकच असतं, उन्हाळ्यात पुढे करत नाहीत. फ्लोरिडात करतात. त्यामुळे मायामीहून उन्हाळ्यात आलेलं जहाज आपल्याच वेळेवर चालत असेल, तर बेट त्याच्या एक तास मागे. ‘साडेचारला सगळे जहाजावर’ म्हणजे बेटावरच्या घड्याळात साडेतीन. गॅल्व्हेस्टनहून हिवाळ्यात आलात तर उलट: बेट एक तास पुढे, आणि दुकानाची नऊची बोट तुमच्या घड्याळात आठलाच सुटते. फोन तिथल्या टॉवरची वेळ पकडून गोंधळ वाढवतो. साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवा आणि दुकानाला लिहिताना ‘कोझुमेलची वेळ’ असं स्पष्ट लिहा. हे एवढं सांभाळलं, तर आठ ते पाचच्या मुक्कामात दोन सिलिंडरची, म्हणजे दोन डाइव्हची, सकाळ आरामात बसते. दोन-अडीचपर्यंत माणूस धक्क्यावर परत.

माझं पारडं मात्र घड्याळामुळे झुकलं नाही, ते झुकलं दुसऱ्याच्या हवेमुळे.

कोझुमेलला डाइव्ह प्रवाहाबरोबर वाहत जायची असते. प्रवाह बहुधा दक्षिणेकडून उत्तरेकडे, आणि बोट नांगर न टाकता बुडबुड्यांमागून येते. आता हिशेब बघा. नेहमीचा ऐंशी क्युबिक फुटांचा ॲल्युमिनियम सिलिंडर पाण्याच्या मापानं 11.1 लिटरचा. 200 बारवर (बार हे दाबाचं माप) उतरून 50 बार राखून वर यायचं, तर हातात 150 बार, म्हणजे सुमारे 1,665 लिटर हवा. 18 मीटरवर दाब 2.8 बार. वर पृष्ठभागावर मिनिटाला 15 लिटर हवा घेणाऱ्याला तिथे 42 लिटर लागते. त्याची डाइव्ह 40 मिनिटं चालते. दोन वर्षांनी पाण्यात उतरलेला, गरजेपेक्षा जास्त वजन लावलेला आणि हातांनी पाणी मारणारा माणूस वर 25 लिटर घेत असेल, तर खाली 70. त्याचं 24 मिनिटांत आटोपतं.

सहा-आठ जणांच्या बोटीवर यात काही बिघडत नाही. गाइड त्याला सेफ्टी स्टॉपसाठी, म्हणजे वर येण्याआधीच्या थांब्यासाठी, पाच मीटरवर आणतो, बॉय (बोटीला दिसणारा तरंगता फुगा) वर सोडतो, बोट त्याला उचलते आणि बाकीचे वाहत राहतात. गट मोठा आणि गाइड एकच असला की सगळ्यांना एकत्र ठेवणं त्याला भाग पडतं. मग एकाची हवा संपली की सगळे वर, तुमच्या सिलिंडरमध्ये अजून 110 बार असले तरी. जहाजाच्या सहलीत वर्षातून एकदा डाइव्ह मारणारे जास्त असतात, म्हणून हे तिथे जास्त दिसतं. प्रत्येक जहाजाचं असंच असेल असं म्हणणार नाही. काही ठिकाणी हवेनुसार गट पाडतातही. पण ते तिकिटावर लिहिलेलं नसतं, आणि जहाजाच्या काउंटरवरच्या माणसाला विचारून त्याला सांगता येईलच असंही नाही.

सामानाचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच. आपला मास्क, आपला डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजणारा) आणि आपला बॉय एवढं न्यावंच. भाड्याचा मास्क मिशीवाल्याला हमखास गळतो. रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारं साधन) नेणार असाल तर तिथले व्हॉल्व्ह बहुतेक योक पद्धतीच्या जोडणीचे असतात, तुमचा डिन जोडणीचा असेल तर ॲडाप्टर विसरू नका. हवेचा दाब दाखवणारं गेज पीएसआयमध्ये असेल: 3,000 म्हणजे आपले जवळजवळ 207 बार, आणि 700 ला वर निघायचं. हातमोजे आणि सुरी घरीच ठेवा, मरीन पार्कमध्ये दोन्हींना बंदी आहे. वेटसूट तीन मिलिमीटरचा पुरतो. तो केबिनच्या शॉवरमध्ये वाळवा, बाल्कनीच्या कठड्यावर टाकू नका. प्रकृतीच्या फॉर्मवर एखाद्या प्रश्नाला ‘होय’ आलं, मग तो दमा असो की रक्तदाबाची गोळी, तर डॉक्टरची सही लागू शकते. ती घरूनच आणा, जहाजावर ऐनवेळी मिळेल या भरवशावर राहू नका. आणि परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर किमान 18 तासांनी हवं.

कॅरिबियनमधल्याच ग्रँड केमन बेटाला मी हाच सल्ला इतक्या ठामपणे देणार नाही. तिथल्या जॉर्ज टाउन बंदरात मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत, लहान बोटींतून उतरावं लागतं, आणि पहिल्या बोटींत जागा मिळते ती बहुधा जहाजाच्या सहलीवाल्यांना. तिथे सकाळचा तास रांगेत गेला की दुकानाची बोट गेली. मुक्काम सहा तासांचाच असेल तर तिथे जहाजाकडूनच घेतलेली बरी.

कोझुमेलच्या दुकानाला लिहिताना जहाजाचं नाव, तारीख आणि धक्का कळवा, कारण पुंता लांगोस्ता गावात आहे आणि बाकीचे दोन धक्के गावाच्या दक्षिणेला. मग तीन गोष्टी विचारा: बोटीवर जास्तीत जास्त किती जण, गाइड किती, आणि ज्याची हवा आधी संपते त्याला वर सोडून बाकीचे खाली राहतात का. तिसऱ्या प्रश्नाला सरळ उत्तर आलं नाही, तर दुसरं दुकान बघा.