ऑटोकॅप्चर की हाताने घातलेले इव्हेंट? फीचरचा वापर मोजताना मी काय निवडलं

अ‍ॅपमधलं एखादं फीचर लोक खरंच वापरतात का, हे मोजायचं ठरलं की पहिली चर्चा होते ती कंपनीवरून. वापर मोजणाऱ्या साधनांपैकी मिक्सपॅनेल, अ‍ॅम्प्लिट्यूड, पोस्टहॉग, की सरळ फुकटातलं फायरबेस? मला वाटतं ही चर्चा थोडी नंतरची आहे. 2013 मध्ये हीप नावाचं साधन आलं तेव्हा 'सगळे क्लिक आपोआप टिपणं', म्हणजेच ऑटोकॅप्चर, ही त्याची वेगळी ओळख होती. आज ही सोय बऱ्याच साधनांत मिळते, आणि स्वतः नाव देऊन इव्हेंट, म्हणजे 'अमुक घडलं' अशी नोंद, पाठवण्याची सोय तर सगळ्यांतच आहे. त्यामुळे आधी ठरवायचं ते एवढंच: नोंद साधनावर सोपवायची, की एकेक इव्हेंट आपण कोडमध्ये घालायचा.

मी दोन्ही करून पाहिलंय. पहिला प्रकार साधारण वर्षभर, दुसरा तेव्हापासून आजपर्यंत. आमचं वेब अ‍ॅप पतसंस्थांच्या पिग्मी एजंटांसाठी आहे. दुकानोदुकानी फिरून रोजचा हप्ता गोळा करणारी ही माणसं एका हातात पैसे आणि दुसऱ्या हातात फोन धरून अ‍ॅप वापरतात. अ‍ॅप मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषांत चालतं, कारण आमचे एजंट इचलकरंजीत आहेत तसे निपाणीतही आहेत. पुढचं सगळं वाचताना या तीन भाषा लक्षात ठेवा. तुमचं प्रॉडक्ट एकाच भाषेत असेल तर तुमचा निर्णय माझ्यापेक्षा वेगळा होऊ शकतो.

ऑटोकॅप्चरचं मोल मी कमी लेखणार नाही. सुरुवातीला आमच्याकडे दोनच डेव्हलपर होते आणि दोघंही हिशेबाच्या कामात गळ्यापर्यंत बुडालेले. स्क्रिप्ट पानावर घातली आणि त्याच दिवशी संध्याकाळी आकडे दिसायला लागले. त्याहून मोठा फायदा म्हणजे मागे वळून पाहता येतं. मार्चमध्ये कुणी विचारलं की 'मागच्या हप्त्यांची यादी' कितीजण उघडतात, तर उत्तर जानेवारीपासूनचं मिळतं, कारण क्लिक आधीच साठवलेले असतात. हाताने घातलेला इव्हेंट ज्या दिवशी घातला त्या दिवसापासूनच मोजतो. त्याआधीचं काहीच हाती लागत नाही. प्रॉडक्ट नवं असताना, कुठले प्रश्न विचारायचे हेच ठरलेलं नसताना, ही सोय फार उपयोगी पडते.

मग माझा कौल का बदलला, ते सांगतो.

'पावती पाठवा' हे आमचं सगळ्यात जिव्हाळ्याचं फीचर. हप्ता घेतला की खातेदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पावती जाते, म्हणजे पुढे पैशावरून शब्दाला शब्द लागायला नको. लहान पडद्याच्या फोनवर ही दोन शब्दांची अक्षरं दोन ओळींत तुटत होती, म्हणून एका सोमवारच्या रिलीजमध्ये बटणावरचा मजकूर आम्ही 'पावती द्या' असा केला. मंगळवारी सकाळी डॅशबोर्ड उघडला तर पावतीची रेघ शून्यावर आडवी. डेव्हलपरनी अर्धा दिवस कोड तपासला. काही सापडेना, तेव्हा मी इचलकरंजीतल्या एका जुन्या एजंटना फोन लावला. ते म्हणाले, "पावत्या जात्यात की साहेब. काल सत्तर गेल्या. का हो, काय झालंय?"

बिघडलं काहीच नव्हतं. आम्ही तो आलेख बटणावरच्या मजकुरावरून बांधला होता. मजकूर बदलला, साधनाच्या लेखी जुनं बटण नाहीसं झालं. दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. पण ती करतानाच लक्षात आलं की कन्नडमधल्या पावती बटणाचा मजकूर त्या व्याख्येत कधी नव्हताच. सात महिने आम्ही ज्याला 'सगळ्या एजंटांचा वापर' म्हणत होतो, तो फक्त मराठीतून अ‍ॅप वापरणाऱ्यांचा होता. त्याच आकड्याच्या जोरावर आमच्या नियोजनाच्या कागदावर 'निपाणीकडे पावतीला मागणी नाही' असं वाक्य लिहिलं गेलं होतं आणि कन्नड पावतीचा नमुना सुधारायचं काम मागे पडलं होतं. तिकडचे एजंट रोज तोडक्यामोडक्या नमुन्यातली पावती पाठवत राहिले, आणि आमच्या तक्त्यात ते कुठेच नव्हते. हे मला अजून टोचतं.

यावर उपाय आहेत, हे मान्य. मजकुराऐवजी सीएसएस सिलेक्टर, म्हणजे कोडमधल्या क्लासच्या नावावरून बटण ओळखणं, धरता येतो, पण आमची क्लासची नावं प्रत्येक बिल्डमध्ये, म्हणजे अ‍ॅप नव्याने तयार करताना, बदलतात. प्रत्येक बटणाला न बदलणारा डेटा-अ‍ॅट्रिब्यूट (कोडमधली पडद्यावर न दिसणारी खूण) लावता येतो, आणि तो उपाय चांगला आहे. फक्त मग प्रत्येक बटणाला नाव द्यायचं, ते कुठेतरी लिहून ठेवायचं आणि रिलीजच्या वेळी तपासायचं, हे सगळं हाताचं काम परत आलंच. एवढं करूनही हाती येतो तो फक्त टॅप.

टॅप आणि काम यांत किती अंतर असतं, ते बाजारात उभं राहिल्यावर कळतं. नेटवर्क मंद असलं की एजंट बटण एकदा दाबतो, काही हललं नाही म्हणून पुन्हा दाबतो, मग वैतागून तिसऱ्यांदा. ऑटोकॅप्चरच्या हिशेबात हा फीचरचा तीनदा वापर. प्रत्यक्षात पावती एकच गेलेली असते, आणि कधी तीही नाही. म्हणजे फीचर जितकं अडतं तितका त्याचा वापर वाढलेला दिसतो. काही साधनं असे रागाचे क्लिक वेगळे दाखवतात, तो इशारा घ्यावा. तरी पावती गेली का, याचं उत्तर त्यातूनही मिळत नाही. 'पावती_पाठवली' हा आमचा इव्हेंट सर्व्हरकडून होकार आला तरच सुटतो. अ‍ॅपची भाषा, पहिल्या प्रयत्नात गेली की नंतर, एवढी माहिती त्याच्यासोबत जाते. बटणावर उद्या काहीही लिहा, इव्हेंटचं नाव बदलत नाही.

आणखी एक गोष्ट, पैशाचं काम करणाऱ्यांनी जरूर पाहावी अशी. आमच्या यादीत खातेदाराची पूर्ण ओळ हेच एक बटण आहे: नाव, खाते क्रमांक, आजचा हप्ता. बऱ्याच साधनांत ऑटोकॅप्चर दाबलेल्या घटकाचा मजकूरही सोबत नेतं. म्हणजे भाजीवाल्या मावशींचं नाव आणि हप्ता बाहेरच्या सर्व्हरवर. मजकूर झाकायची सोय असते, पण ती बऱ्याचदा आपण आठवणीने चालू करायची असते. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आल्यापासून पतसंस्थांचे सचिव हा प्रश्न स्वतःहून विचारतात, आणि त्यांनी तो विचारायलाच हवा.

हाताच्या पद्धतीत कष्ट नाहीत असं नाही. पहिल्या दोन महिन्यांत एकाच कामाला तीन डेव्हलपरनी तीन नावं दिली आणि आकडे तीन ठिकाणी विखुरले. आता एक साधी शीट आहे: इव्हेंटचं नाव, तो नेमका कधी सुटतो, कुणी मागितला, आणि त्यावरून कुठला निर्णय होणार. शेवटचा रकाना रिकामा असेल तर इव्हेंट घालत नाही.  आम्हाला आजवर 22 इव्हेंट-नावं पुरली आहेत. नवीन फीचर इव्हेंटशिवाय बाहेर गेलं असं दोनदा झालं आणि त्या आठवड्यांची माहिती कायमची गेली. ते नुकसान मी सोसतो, कारण नसलेला आकडा निदान खोटं सांगत नाही.

खर्चाचं थोडक्यात. इव्हेंटच्या संख्येवर बिल लावणाऱ्या साधनांत ऑटोकॅप्चरने संख्या झपाट्याने वाढते. पोस्टहॉगमध्ये महिन्याला पहिले 10 लाख इव्हेंट फुकट आहेत. हाताच्या पद्धतीत ते आम्हाला मुबलक होतील, आधीच्या पद्धतीत बहुधा नसते झाले. जीए-4 (गूगल अ‍ॅनालिटिक्सची चौथी आवृत्ती) वापरत असाल तर वापरकर्त्यांच्या पातळीवरची माहिती किती काळ ठेवायची ती सेटिंग आजच बघा. मूळची मुदत 2 महिने असते, फुकटात ती 14 महिन्यांपर्यंत नेता येते. यंदाची दिवाळी मागच्या दिवाळीशी वापरकर्त्यांच्या पातळीवर ताडून पाहायची असेल तर हे लागतंच.

दोन्ही पद्धतींत एक काम तुमचंच राहतं: वापराचं प्रमाण काढताना भागायचं कशाने ते ठरवणं. ज्या खातेदारांचा व्हॉट्सअ‍ॅप नंबरच नोंदलेला नाही, त्यांना पावती पाठवली नाही म्हणून एजंट फीचर वापरत नाही असं म्हणता येणार नाही. आम्ही एकूण हप्त्यांनी भागत होतो. आता नंबर असलेल्या खात्यांच्या हप्त्यांनी भागतो.

तुमचं प्रॉडक्ट एका भाषेत आहे, बटणं क्वचित बदलतात आणि डेव्हलपरचा वेळ अजिबात नाही, तर पहिले सहा महिने ऑटोकॅप्चर घ्यायला माझी हरकत नाही. फक्त मजकूर झाकून घ्या. भाषा दोन झाल्या, किंवा पैसे, पावती, अर्ज असं काही शेवटाला न्यायचं काम असेल, तर मी पहिल्या दिवसापासून हातानेच घालीन, पाचच इव्हेंट का असेनात. आमच्याकडे ऑटोकॅप्चर आता फक्त 'मदत' विभागात चालू आहे. तिथे लोक काय शोधतात हे आम्हाला आधी ठाऊक नसतं, आणि त्या पानांवर कुणा खातेदाराचं नाव येत नाही.