चार फुटी, पाच फुटी, सहा फुटी की दोन सिंगल? खान्देशातल्या घरासाठी गादीचं माप

वर्षभरात आमच्या नात्यातल्या तीन घरांत नव्या गाद्या आल्या. अमळनेरचं आमचं घर, जळगावला भावाचा फ्लॅट आणि शिरपूरकडे नणंदेचं धाब्याचं जुनं घर. पहिल्या घरात, म्हणजे आमच्याच घरात, माप चुकलं. पुढच्या दोन्ही घरी मग मीच टेप घेऊन गेले. नवी गादी घ्यायच्या विचारात असलेल्यांसाठी त्या मोजमापातून जे कळलं ते लिहिते.

दुकानात सिंगल, डबल, क्वीन, किंग अशी नावं ऐकू येतात. या नावांवरून फक्त रुंदी कळते. सिंगल ३६ इंच, डबल ४८, क्वीन ६०, किंग ७२. लांबी मात्र प्रत्येकात ७२, ७५ किंवा ७८ इंच असू शकते, आणि घोटाळा होतो तो तिथेच. आमचा पलंग गावातल्या सुताराने केलेला, आतून ७५ इंच लांब. आम्ही दुकानात नुसतं ‘किंग’ सांगितलं आणि आली ७८ इंची. पायथ्याला तीन इंच बाहेर. दुकानदाराने परत घ्यायला नकार दिला, आणि सहा महिन्यांत त्या कडेला गादी वाकली. आमच्याकडे कापसाच्या गाद्या भरायला येणारा म्हातारा पिंजारी हे आधीपासून सांगत आलाय : “पहिले पलंग मोजी ये, मंग गादीनं बोलू.” मोजायचा तो आतल्या बाजूने, उशाला, मध्ये आणि पायथ्याला. सुताराच्या कामात अर्धा-पाऊण इंच इकडे तिकडे असतोच. सगळ्यात कमी आकडा धरायचा.

लांबी ठरवायला सोपा हिशोब आहे. घरातल्या सगळ्यात उंच माणसाच्या उंचीत सहा इंच मिळवा. साडेपाच फुटाच्या माणसाला ७२ इंची पुरते, पाच फूट आठ इंचाच्या माणसाला ७५ लागते आणि सहा फुटी माणसाला ७८.

रुंदीचा निर्णय जास्त अवघड. चार फुटी गादीवर दोघं झोपली तर माणशी २४ इंच येतात. जुन्या लोकांनी त्यावर संसार केले, पण मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा शेजारच्या अंगाची धगही सोसवत नाही. माझ्या मते चार फुटी ही एकट्या माणसाची ऐसपैस गादी आहे, किंवा आई आणि लहान लेकरू यांची. दोन मोठ्या माणसांनी ती रोजच्यासाठी घेऊ नये. पाच फुटीवर माणशी ३० इंच येतात, कुशीवर वळता येतं. सहा फुटीवर ३६, म्हणजे प्रत्येकाला एक पूर्ण सिंगल. मध्ये चार-पाच वर्षांचं पोर झोपणार असेल तर सहा फुटीच हवी. पोर आडवं होऊन झोपतं आणि पाच फुटीत बाप थेट कडेला जातो.

मग सगळ्यांनी सहा फुटी का घेऊ नये? भावाच्या फ्लॅटमध्ये हाच वाद होता. बेडरूम दहा बाय दहा. वहिनीला किंग हवी होती, भाऊ क्वीन म्हणत होता. आम्ही फरशीवर रांगोळीने दोन्ही मापं काढली. गादीभोवती पलंगाची चौकट दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच खाते, म्हणून किंगसाठी ७६ इंच आणि क्वीनसाठी ६४ अशी रुंदी धरली. खोली १२० इंचांची. पलंग एका भिंतीला लावला तर किंगपुढे ४४ इंच उरतात. त्यात २० इंच खोल लोखंडी कपाट. राहिले २४. वहिनीने कपाटाचं दार उघडलं, हातात इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठा घेतला आणि रांगोळीबाहेर उभी राहून बघितलं. दार उघडं असताना तिला मागे सरकायला जागाच नव्हती, टाच रांगोळीवर पडत होती. क्वीनच्या रेषेपर्यंत ३६ इंच मिळाले. तेवढ्यात कपाट नीट उघडतं, खिडकीतल्या कूलरची हवा पलंगावर पोचते आणि पाहुणा आलाच तर कपाट बंद करून एक वळकटी पसरता येते. त्यांनी ७८ बाय ६० घेतली. पोर नसलेल्या जोडप्याला दहा बाय दहात हेच माप मी सांगेन. खोली बारा बाय बाराची असेल तर किंग बिनधास्त घ्यावी.

नणंदेच्या घरी प्रश्न वेगळा होता. तिच्या सासूबाई गुडघ्यांनी त्रासलेल्या. तिथे रुंदीपेक्षा जाडीचा विचार जास्त करावा लागला. दुकानदार आठ इंची गादीसाठी गळ घालत होता. पण १८ इंच उंच बॉक्स पलंगावर आठ इंच चढवले की २६ इंच होतात, आणि बुटक्या म्हातारीचे पाय लोंबकळतात. आम्ही त्यांना खुर्चीवर बसवून जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत मोजलं, १७ इंच भरले. १२ इंचांचा दिवाण आणि त्यावर पाच इंची कडक काथ्याची गादी, ७२ बाय ३६. गादीवर बसल्या की दोन्ही तळपाय फरशीला टेकतात आणि त्या कुणाच्या हाताशिवाय उठतात. म्हाताऱ्या माणसांसाठी गादी घेताना ही मोजणी चुकवू नका. मऊ गादी बसल्यावर खाली दबते, तेव्हा अंदाज घेताना तोही एखादा इंच धरा.

आता चौथा पर्याय. दुकानदार तो आपणहून सुचवत नाही, पण आमच्या भागात तो मला सगळ्यात पटतो : एका सहा फुटीऐवजी तीन-तीन फुटी दोन सिंगल जोडून टाकायच्या. ३६ अधिक ३६ म्हणजे बरोबर ७२. आमच्या घरी ती चुकीची गादी काढल्यावर आम्ही हेच केलं, ७५ बाय ३६ च्या दोन. आमच्याकडे उन्हाळ्यात निम्मं घर गच्चीवर झोपतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी लेकरांसह येतात, श्रावणात कानबाई देवीच्या सणाला भाऊबंद जमतात. अशा वेळी सिंगल गादी एकटा माणूस खांद्यावर टाकून जिना चढतो. सहा फुटी काथ्याची गादी दोन माणसांना उचलावी लागते आणि अडीच फुटी जिन्याच्या वळणावर ती अडते. ती चुकीची गादी आम्ही शेवटी गच्चीवरून दोर सोडून वर ओढली होती. गुंडाळून पॅक केलेली फोमची गादी जिना सहज चढते, पण एकदा उघडून फुगली की तशी परत गुंडाळता येत नाही. घर बदलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

बॉक्स पलंगाचाही मुद्दा आहे. गोधड्या, पापड-कुरडयांचे डबे, लग्नातली भांडी सगळं त्याच्या पोटात असतं. सिंगल गादी असेल तर एक बाजू उचलून हात घालता येतो. किंग उचलायला दुसरं माणूस बोलवावं लागतं.

जोडगादीचा तोटाही आहे, मधली फट. दोन्ही गाद्या एकाच जातीच्या, एकाच जाडीच्या आणि एकाच वेळी घेतल्या नाहीत तर मध्ये पायरी तयार होते. आम्ही फटीवर एक जुनी गोधडी लांबीत दुमडून टाकतो आणि वरून १०८ बाय १०८ ची एकच चादर. बाजारात सहज मिळणारी ९० बाय १०० ची डबल चादर इथे अपुरी पडते : ७२ रुंदी, दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जाडी, म्हणजे ८४, आणि खाली खोचायला दोन्हीकडे तीन इंचच उरतात. पाच फुटी गादीला तीच चादर छान बसते. तान्हं बाळ मध्ये झोपणार असेल तर मात्र जोडगादी नको. बाळ फटीत सरकू शकतं.

कापसाची भरून घेणाऱ्यांना तर दोन सिंगलशिवाय मार्ग नाही. आमचा पिंजारी तीन फुटी गादीत बारा-पंधरा किलो रुई घालतो. सहा फुटी एकसंध गादीत त्याच्या दुप्पट गेली तर तिला ऊन कोण देणार? आणि कूलरच्या ओलसर हवेत कापसाला ऊन द्यावंच लागतं, नाहीतर दमट वास येतो आणि गोळे होतात. पलंगाचं माप विचित्र असेल, समजा ७३ बाय ४५, तर कापसाची गादी हाच सोपा उपाय. पिंजारी खोळ त्या मापाची शिवून देतो. फोम आणि काथ्यातही काही कंपन्या हव्या त्या मापात करून देतात, पण अशी गादी सहसा परत घेत नाहीत, म्हणून माप इंचांत लिहून त्यावर दुकानदाराची सही घ्या. बिलावर ‘किंग’ लिहिलं असेल तर समोरच खोडून ७५ बाय ७२ असं लिहायला लावा.