टेलस्केलचा पिअर रिले: सीजीनॅटमागे अडकलेल्यांसाठी

टेलस्केलवरून (आपली मशीन इंटरनेटवरून खासगीत जोडणारं व्हीपीएन) घरच्या नॅसवरचा (फाइली साठवणारं नेटवर्कवरचं मशीन) व्हिडिओ अडखळत असेल, तर आधी टर्मिनलवर 'टेलस्केल पिंग' चालवा. दहाही उत्तरांत 'व्हाया डर्प (बीएलआर)' दिसलं, की समजायचं डेटा डर्पवरून, म्हणजे टेलस्केलच्या बेंगळुरूतल्या सामायिक रिलेवरून (मधल्या सर्व्हरवरून), वळसा घेतोय. आपल्याकडे हे सर्रास होतं. बरीच ब्रॉडबँड आणि मोबाइल कनेक्शन सीजीनॅटमागे असतात, म्हणजे कंपनी अनेक ग्राहकांना एकच पब्लिक आयपी पत्ता वाटून देते, आणि दोन्ही टोकांचा नॅट (पत्ते बदलून देणारी व्यवस्था) कडक असला की थेट वाट सापडत नाही. डर्प टीसीपीवर (डेटा पाठवायची एक पद्धत; दुसरी, हलकी पद्धत यूडीपी) चालतो आणि त्याच्या वेगाला लगाम असतो. एसएसएचला (दूरच्या मशीनवर कमांड चालवायला) पुरतो, बॅकअपला नाही.

टेलस्केलच्या आवृत्ती १.८६ पासून आलेला पिअर रिले नेमका इथे उपयोगी पडतो. पब्लिक आयपी असलेलं तुमचंच एखादं मशीन, अगदी स्वस्तातला व्हीपीएससुद्धा (भाड्याचा क्लाउड सर्व्हर), यूडीपीवर मधला दुवा होतो. टेलस्केल ज्यावर उभं आहे त्या वायरगार्डचं एन्क्रिप्शन टोकापासून टोकापर्यंत तसंच राहतं, त्यामुळे रिलेला आतलं काही वाचता येत नाही.

रिलेच्या मशीनवर 'टेलस्केल सेट' कमांडला 'रिले-सर्व्हर-पोर्ट' हा पर्याय जोडून ४०००० सारखा पोर्ट द्यायचा. क्लाउडच्या फायरवॉलमध्ये तोच पोर्ट इनबाउंड उघडायचा. घाईत टीसीपी उघडला जातो आणि मग तासभर डोकं खाजवणं आलं. इथे यूडीपीच हवा. शेवटी टेलस्केलच्या पॉलिसी फाइलमध्ये (नियमांची फाइल) 'कॅप/रिले'चा ग्रँट, म्हणजे परवानगी: 'डेस्टिनेशन'मध्ये रिले, 'सोर्स'मध्ये नॅटमागे एका जागी बसलेलं मशीन, म्हणजे नॅस. गावभर फिरणारे फोन-लॅपटॉप तिथे घालायची गरज नाही. सोर्समध्ये सरसकट तारांकन (*, म्हणजे सगळी मशीन) टाकायचा मोह मात्र टाळा.

ग्रँट विसरलात तर एररबिरर काही येत नाही, ट्रॅफिक मुकाट्याने डर्पवरूनच जात राहतं. ही या फीचरची सगळ्यात वैतागवाणी बाजू. म्हणून पुन्हा पिंग करून उत्तरात 'पिअर-रिले' आलंय का ते बघायचंच. दोन्ही टोकांवर आणि रिलेवर १.८६ किंवा त्यापुढची आवृत्ती लागते. नॅसच्या पॅकेज सेंटरमधलं टेलस्केल बऱ्याचदा मागे असतं, ते आधी तपासा.

रिलेवर प्रत्येक बाइट आत येतो आणि बाहेरही जातो, तेव्हा व्हीपीएसचा मासिक डेटा कोटा बघून ठेवा. ऑफिसच्या फायरवॉलने यूडीपी सरसकट बंद केला असेल, तर पिअर रिलेचाही इलाज चालत नाही. तिथे ४४३ पोर्टवरचा डर्पच.