आठ महिने, ऐंशी चौकोन आणि सहा रुपयांची रिंग

घटस्थापनेला चार दिवस राहिले होते आणि शिलाई मशीनवर बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रिळी, भरायचं बंद झालं. मशीन चालू, दिवा चालू, सुई वरखाली होतेय. पण वरच्या खुंटीवर बॉबिन बसवून उजवीकडं सरकवली की ती दोन गिरक्या घ्यायची आणि सुस्त. बोटानं दाबून धरली तर फिरायची, सोडली की थांबायची. बॉबिन नाही म्हणजे खालचा दोरा नाही, आणि खालचा दोरा नाही म्हणजे ११,५०० रुपयांचं मशीन कापडाला नुसती भोकं पाडणार.

गुढीपाडव्याला घेतलेलं मशीन, त्याचाच हा अनुभव लिहितोय, ताऱ्यांसकट. पांढरं, टेबलावर ठेवायचं, ७० वॅटचं, बॉबिन पुढून घालायची. एवढ्यावर जाणकारांना कळलं असेल. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढं भांडण आहे. टाक्यांचे प्रकार किती, झिगझॅग किती रुंद, ते खोक्यावर छापलेलं असतं. मी आठ महिन्यांत तीनच टाके वापरले. बाकीचे आमच्या मंडळींनी, म्हणजे बायकोनं, एकदा रुमालावर काढून बघितले आणि "छान आहेत" म्हणून सोडून दिले.

मी शिंपी नव्हे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ३२ वर्षं लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, काढली. रिटायर झाल्यावर दोन महिने पेपर वाचला, मग वाकळ शिवायचा नाद लागला. पुण्याकडचे गोधडी म्हणतात, आमच्यात वाकळ. आईची वाकळ घरात आहे, ती बघून वाटलं की हे आपल्याला जमेल. मापाचं काम आहे आणि माप मला कळतं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे शिंप्यालाही ठाऊक आणि टर्नरलाही.

वाकळेचा खरा हंगाम हाच. नवरात्राच्या आधी घरातली अंथरुणं-पांघरुणं झाडून सगळी धुवायची रीत आहे. त्या आठवड्यात रंकाळ्याच्या धुण्याच्या चावीकडं, म्हणजे कपडे धुवायच्या जागेकडं, गेलात तर कळेल. वर्षभर घडी करून ठेवलेली वाकळ भिजून मणाची होते, दोघांनी पिळायची, आणि वाळत घातली की कुठं फाटलंय ते उजेडात दिसतं. आईच्या वाकळेत यंदा हात जाईल एवढं भोक दिसलं. आतून तिच्याच नऊवारीचा हिरवा थर डोकावत होता, आणि त्याच्याखाली धोतर. आजोबा शाहू मिलला होते. १९०६ साली शाहू महाराजांनी काढलेली मिल. ते धोतर तिथल्याच सुताचं असं आई सांगायची. खरं-खोटं तीच जाणे.

तर या शरदातलं काम असं ठरलं: आईची वाकळ दुरुस्त करायची आणि नातीसाठी एक नवी, ४८ बाय ६०. सहा इंची ८० चौकोन. त्यातले ४० नऊ तुकड्यांचे, ४० कोरे, एकाआड एक. म्हणजे ३६० छोटे तुकडे. कापड निम्मं जवळच्या गांधीनगरच्या कापडबाजारातून, निम्मं महाद्वार रोडच्या शिंप्यांकडच्या चिंध्या. चिंध्या फुकट मिळाल्या, तरी एकानं चहा पाजायला लावला. पितृपंधरवड्यात नवीन काही काढू नये असं घरात म्हणतात, पण मी गुपचूप नऊ चौकोन शिवून ठेवले होते. बॉबिन अडकली तेव्हा मंडळींनी एवढंच म्हटलं, "बघा."

तक्रार नोंदवली. पाचव्या दिवशी, म्हणजे घट बसल्यावर, एक पोरगा आला. त्यानं मशीनला हात लावायच्या आधी माझी वाकळ बघितली आणि निदान केलं. "काका, जाड कापड शिवलंय. मोटरवर लोड आलाय."

म्हटलं, मोटर तर फिरतेय. सुई चालतेय. फक्त बॉबिन भरत नाही.

"आख्खी असेंब्ली बदलावी लागते. ८६० रुपये. व्हिजिटचे ३५० वेगळे."

"दोन वर्षांची वॉरंटी आहे की."

"रबर पार्ट वॉरंटीत येत नाहीत काका."

या एका वाक्यात तो सापडला. रबर पार्ट! म्हणजे बिघाड रबराचा आहे हे त्याला माहीत होतं, आणि बदलणार होता आख्खी असेंब्ली. मी विचारलं, नुसतं रबर दे. तर म्हणे सुटं येत नाही. साडेतीनशे मोजून घेतले, बिल दिलं, गेला. फोनवरच्या बाईंनी चार वेळा गैरसोयीबद्दल खेद व्यक्त केला.

तो गेल्यावर मी वरचं झाकण उघडलं. खुंटीच्या बुडाला चाकी, आणि चाकीवर एक रबरी रिंग, बांगडीच्या धाकट्या बहिणीसारखी. हीच रिंग आतल्या फिरत्या चाकाला घासते आणि बॉबिन फिरते. बास, एवढीच ती असेंब्ली. रिंग बोटाला बुळबुळीत लागत होती आणि फुगून सैल झाली होती. व्हर्नियर लावला, माप घेतलं, सायकल काढली. उद्यमनगरात हायड्रॉलिकचं सामान विकणाऱ्याकडं गेलो. त्यानं डब्यातून नायट्राइल नावाच्या रबराची ओ-रिंग काढून दिली. सहा रुपये. एक घ्यायला लाज वाटली म्हणून पाच घेतल्या, तीस रुपये. घरी येऊन बसवली. बॉबिन अशी फिरली की मंडळी स्वयंपाकघरातून बघायला आल्या.

इथंच हा अनुभव संपवून एक तारा देणार होतो. पण दोन दिवस डोक्यात घोळत राहिलं की सहा महिन्यांत रबर फुगतं कसं. फुगवणारी वस्तू एकच, तेल. आणि तेल कुणी घातलं? मी. लेथला रोज सकाळी तेल घालायची ३२ वर्षांची सवय. पुस्तिकेत लिहिलं होतं की फक्त बॉबिनभोवतीच्या शटलच्या खोबणीत एक थेंब. मी तेलाची कुपी घेऊन दिसेल त्या भोकात, वरूनसुद्धा, दर रविवारी. साधं रबर तेलानं फुगतं, नायट्राइल फुगत नाही. हे मला नको कळायला? तेव्हा निम्मी चूक माझी, कबूल. निम्मी कंपनीची, कारण तेलाच्या मशीनमध्ये तेल न सोसणारं रबर कोण घालतं? तीन तारे.

रिंग बसली तरी बॉबिननं माझा पिच्छा सोडला नाही. नवरात्रात १४ चौकोन झाले, आणि वरच्या बाजूला खालचा दोरा ठिपक्याठिपक्यानं दिसायला लागला. बॉबिन केसचा, म्हणजे बॉबिन बसते त्या धातूच्या डबीचा, स्क्रू आवळला, पाव आटा, अजून पाव आटा. एक चौकोन बरा, पुढचा खराब. खंडेनवमीला मशीनला झेंडूची माळ घातली, शेजारी व्हर्नियर, कात्री आणि अंगुस्तान ठेवून हळदकुंकू वाहिलं. त्या दिवशी मशीन चालवायचं नसतं, म्हणून नुसता बघत बसलो, आणि भरलेली बॉबिन सहज अंगठ्यानं दाबली तर कापसासारखी मऊ! दोरा सैल गुंडाळला जात होता. बॉबिन भरताना दोरा वरच्या छोट्या चकतीच्या फटीतून ओढून घ्यायचा असतो. मी तो चकतीच्या कडेनं नेत होतो, फटीत बसतच नव्हता. घट्ट भरलेली बॉबिन नखानं दाबली तर दबत नाही. ही परीक्षा माझ्या पुस्तिकेत लिहिलेली नाही, म्हणून इथं लिहितो. स्क्रू परत जागेवर आणला. मधले दिवस फुकट गेले.

तिसरी गोष्ट, आणि ही मात्र शंभर टक्के मशीनची. बॉबिन पुढून, धातूच्या केसमध्ये, झाकणाच्या आड. दोरा किती उरलाय ते दिसत नाही. तुकडे एकामागं एक, दोरा न तोडता, माळेसारखे शिवत गेलं की काम झटपट होतं. माझ्या हिशेबानं एका बॉबिनीत चाळीसेक चौकोन बसतात. पण हिशेब चुकला की संपलेलं कळत नाही. एकदा ११ जोड्या शिवून उचलल्या आणि सगळ्या सुट्या होऊन मांडीवर पडल्या. सुईचा आवाज तोच, वेग तोच, वरचा दोरा तसाच सरकतोय. आमच्या लेथवर हत्यार झिजलं की आवाज बदलतो, इथं काहीच नाही. वरून बॉबिन घालायची आणि पारदर्शक झाकणाची मशिनं येतात. दोन-तीन हजार जास्त पडतात. पाडव्याला मी ते तीन हजार वाचवले होते. आता विचाराल तर मी ते वाचवणार नाही. मंडळी विचारतात, तेवढ्यासाठी? हो, तेवढ्यासाठी.

बाकीचं भराभर सांगतो. शिवण पाव इंचाची, म्हणजे दोन सूत. कापड दाबणाऱ्या फूटच्या कडेनं शिवलं तर या मशीनवर अर्धा सूत जास्त जातो. एका शिवणीला दोन्हीकडचं कापड मिळून एक सूत, चौकोनाला दोन शिवणी, म्हणून पहिले नऊ चौकोन, कडेची शिवण धरून, साडेसहाऐवजी सव्वासहाचे आले. कापडाची घडीही थोडा माल खाते, म्हणून दोन सुताला केसभर कमी धरून मशीनच्या पाट्यावर मास्किंग टेप चिकटवली. तपासणी सोपी: दोन इंची तीन पट्ट्या जोडायच्या, मधली बरोबर दीड इंच दिसली पाहिजे. कोजागरीपर्यंत उरलेले १७ चौकोन झाले, एकाच मापाचे. ते नऊ उसवून पुन्हा शिवले. दूध आटत होतं तोवर उसवतच होतो.

दिवा छान आहे, रात्री डोळ्यांना त्रास नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात पंखा लावला की चिंध्या उडतात, त्यात मशीनचा दोष नाही. परतीच्या पावसात दोनदा लाइट गेली, तेव्हा सासूबाईंची काळी पायमशीन माळ्यावर टाकल्याची आठवण मंडळींनी करून दिली.

दिवाळीच्या सुट्टीत तीन थर एकत्र शिवायला घेतले. खालचे दाते फक्त खालचं कापड ओढतात, वरचं मागं रेंगाळतं आणि चुण्या पडतात. वॉकिंग फूट वेगळा मागवला, ४८० रुपये. तो वरचंही सरकवतो. सुई १६ नंबरची, टाका तीनवर. नातीच्या वाकळेला हे झकास जमलं. या वजनाला मशीन कुठं अडखळलं नाही, मोटर तापली नाही. "लोड आलाय" म्हणणाऱ्या त्या पोराला दाखवायला पाहिजे. साडेतीन तारे.

आईच्या वाकळेला मात्र हात टेकले. पाच थर, त्यात इरकलीचा काठ. सुई मोडली, दुसरी वाकली. मधून सुरुवात केली तर कडेला झोल, कडेनं सुरू केलं तर मध्ये फुगा. वाकळ गुंडाळून मशीनच्या त्या इवल्याशा कमानीतून सरकवायची म्हणजे म्हशीला खिडकीतून काढणं.

मावळतीची किरणं अंबाबाईपर्यंत पोचतात त्या किरणोत्सवाच्या दिवसांत, ९ नोव्हेंबरच्या गर्दीत, कागलहून आक्का आली. अंबाबाईला जाऊन आली, पाय धुतले आणि थेट नातीची वाकळ मांडीवर घेतली. काठावरून नख फिरवत गेली. एका ठिकाणी थांबली, दोन बोटं घातली आणि कापड अलगद उघडलं. वीतभर. बॉबिन संपलेली. मला कळलंच नव्हतं.

"काय रं, मशीननं नुसती भोकंच पाडल्यात की हितं."

मग तिनं आईची वाकळ मागितली. भोकावर जुन्या धोतराचं ठिगळ ठेवलं आणि धावदोरा घालायला लागली, कडेनं आत, चौकोनात चौकोन. हातानं शिवताना दर टाक्याला कापड सावरता येतं, म्हणून मध्ये फुगा येत नाही, असं ती म्हणाली. मी अंगुस्तान पुढं केलं तर ते तिच्या बोटात शिरेना. दुपारी साडेतीनला बसली, दिवेलागणीपर्यंत उठली नाही. मधून मधून मला दोरा ओवून द्यायला लावला. त्याचं रीळ संपत आलं की लांबूनसुद्धा दिसत होतं.

उरलेल्या चार रिंगा डब्यात पडून आहेत. याच मशीनची बॉबिन ज्यांची अडली असेल त्यांनी ८६० रुपये भरू नयेत. आतला व्यास १४ मिलीमीटर, जाडी अडीच. आणि वरून तेल घालू नका.