वजनाच्या चिठ्ठीवर आधी उंची बघा

मी परभणीत गेली २६ वर्षं ब्लाऊज शिवते. वय ५६. वजन उतरवून देणाऱ्या एका सेंटरपायी माझे साडेबावीस हजार रुपये गेले, मी मरता मरता वाचले, आणि ज्या धाकट्या जावेला मी स्वतः हाताला धरून तिथं नेलं, तिला दोन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. पैशाचं दुःख आहे, पण जावेचं जास्त आहे. म्हणून हे लिहायला बसले.

पाळी गेल्यावर पोट सुटतं हे आता कळलं. तेव्हा वाटायचं, मी तर पूर्वीइतकंच खाते, मग हे वाढतंय कशानं? पायाचं मशीन होतं तोवर दिवसभर पाय हलायचे. सात वर्षांपूर्वी मोटार बसवली आणि सकाळी दहाला बसलेली मी रात्री आठलाच उठायला लागले. गुडघे धरले. मग शुगर निघाली. रोज सकाळी दोन गोळ्या सुरू झाल्या, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. दर खेपेला डॉक्टर म्हणायचे, "वजन कमी करा," आणि पुढच्या पेशंटला हाक मारायचे. कसं करायचं ते कुणी बसवून सांगितलं नाही. ती जागा रिकामी होती, आणि तिथंच ही माणसं येऊन बसली.

मागच्या दिवाळीनंतर आमच्या कॉलनीतल्या मारुतीच्या देवळाजवळ त्यांनी टेबल मांडलं. "मोफत शरीर तपासणी". मागं बॅनर: "३० दिवसांत १० किलो. शुगर, बीपी, गुडघेदुखी, सगळ्यांवर एकच उपाय." चपला काढून काट्यावर उभं राहायचं, दोन्ही हातांनी दांडी धरायची. मुलीनं वय विचारलं, उंची विचारली नाही, आपल्याच मनानं काहीतरी दाबलं आणि चिठ्ठी बाहेर आली. वजन ७८.४. चरबी ४३.६ टक्के. शरीराचं वय ७१.

माझी आई ७१ व्या वर्षी गेली. त्या आकड्यापुढं मला काही दिसेना. ती मुलगी हलकेच म्हणाली, "काकू, चरबी आत लिव्हरपर्यंत गेलीय. पण घाबरू नका, आम्ही आहोत ना." दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्या सेंटरवर गेले.

पहिल्या मजल्यावर एक गाळा. सकाळी सहाला गाणी लागलेली, भिंतीवर आधीचे-नंतरचे फोटो, आणि ज्याचं वजन उतरलं त्याचं नाव पुकारून सगळे टाळ्या वाजवायचे. तिथल्या बाईला सगळे कोच म्हणत. रोज सकाळी तिचा फोन यायचा, काकू झोप झाली का, पाणी किती प्यालात. पोरगा पुण्याला, आमचे हे मितभाषी. माझी अशी चौकशी कुणी कित्येक वर्षांत केली नव्हती. ती टाळी मला हवी होती, हे मी खरं तेच सांगते. अशा ठिकाणी माणूस पावडरीसाठी टिकत नाही, त्या चौकशीसाठी टिकतो.

नोंदणीचे १,५०० आणि तीन महिन्यांच्या पॅकेजचे २१,०००. भिशीत माझा नंबर लागला होता, ते पैसे दिले. बिल मागितलं तर "महिनाअखेरीला पक्कं बिल मिळेल" म्हणाल्या, ते आलं नाही. पैसे मोबाईलवरून कोचच्या स्वतःच्या खात्यावर गेले. त्याबद्दल मिळालं काय, तर सकाळ-संध्याकाळ जेवणाऐवजी प्यायच्या पावडरीचे डबे, पोटाला बांधायचा पट्टा, आणि "फॅट कटर" नावाची तपकिरी भुकटी. ही भुकटी साध्या प्लास्टिकच्या पुडीत होती. तिच्यावर नाव नाही, तारीख नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. खाण्याच्या पाकिटावर अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक असावा लागतो, तो तर नाहीच नाही. (क्रमांक असला म्हणजे त्यानं वजन उतरतं असं मुळीच नाही, तेही लक्षात ठेवा.) दोन माणसं आणली की तीन हजारांचा माल फुकट. मी जावेला नेलं. तिला वर "हर्बल कॅप्सूल" दिल्या.

मी शुगरच्या गोळ्या घेते हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कोच म्हणाली, "चालू ठेवा, पंधरा दिवसांत आपोआप सुटतील." भाकरी मात्र बंद केली. ज्वारीत साखर असते म्हणे.

आठवड्याभरात अकराच्या सुमारास हात कापायला लागले. दरदरून घाम यायचा, छातीत धडधड व्हायची. मी फोन केला की आवाजात पाठवलेला निरोप यायचा: "काकू, घाम येतोय ना? चरबी वितळतेय. टॉक्सिन बाहेर पडतायत. आता काही खाऊ नका, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात." डोकं दुखलं तर ते डिटॉक्स. चिडचिड झाली तर जुन्या सवयी सुटतायत. पोट साफ होईना, तर आतडी नवीन होतायत. माझ्या प्रत्येक दुखण्याला तिच्याकडं एक चांगलं नाव तयार होतं. मला काय होतंय हे मलाच कळू नये, असं त्या नावांनी केलं. ज्यांच्या घरी कुणी अशा ठिकाणी जात असेल त्यांनी एवढं एक विचारा: तिथं कुठल्या त्रासाला "ताबडतोब थांबा, डॉक्टरला दाखवा" म्हणतात का? मला दोन महिन्यांत एकदाही म्हटलं नाही.

जानेवारीत भावाच्या शेतात हुरड्याला गेलो. गोवऱ्यांच्या आरावर कणसं भाजलेली, जवसाची चटणी, दही, गूळ. मी हात मांडीवर ठेवून बसले. भाऊ म्हणाला, "कामून खाईनास गं? आजारी हाईस का?" मी म्हणाले, चालत नाही मला. घरी येताना माझ्या वाट्याचा हुरडा त्यानं डब्यात भरून दिला, तो मी शेजारी दिला.

त्यानंतरचा मंगळवार. लग्नाचा पैठणीचा ब्लाऊज, बाही जोडत होते. मुंढ्याची शिलाई डोळे मिटून मारावी इतकी हातात बसलेली आहे, पण त्या दिवशी ती सरळ जाईना. कापड सुईखाली सरकतंय का मी सरकतेय, कळेना. बाहीची शिलाईसाठी सोडलेली माया कुठली आणि अंगाची कुठली, ते दिसेना. पाठीवरून घामाचे ओघळ, आणि अंग गार. माझ्याकडं शिकायला येणारी पोरगी म्हणाली, "मावशी, काय होऊ लालंय तुम्हाला?" मी उत्तर दिलं, पण शब्द तोंडातच घोटाळले. तिच्या वडिलांना शुगर आहे, म्हणून तिला उमजलं. तिनं साखरेचं पाणी केलं आणि घोट घोट पाजलं. मी शुद्धीवर होते म्हणून ते चाललं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जातं, हे नंतर डॉक्टरांनी बजावलं.

दवाखान्यात शुगर ४८ निघाली, आणि तीही साखरेचं पाणी प्यायल्यावर. ७० च्या खाली गेली की कमी समजतात, ५४ च्या खाली धोक्याची. डॉक्टरांनी विचारलं, "गोळी घेऊन जेवत नव्हता?" ग्लिमेपिराइड ही गोळी तुम्ही खाल्लंय की उपाशी आहात ते पाहत नाही. ती शरीराला साखर उतरवणारं इन्शुलिन सोडायला लावते, म्हणजे लावतेच. जेवण कमी करायचं असेल तर आधी डॉक्टरला विचारून गोळीचं ठरवायचं असतं. तो घाम चरबीचा नव्हता. मेंदूला साखर पुरत नव्हती, त्याचा होता.

दोन दिवस घरी पडून होते. तिसऱ्या दिवशी कापड बेतायच्या टेबलावर सगळ्या चिठ्ठ्या ओळीनं मांडल्या. दोन महिन्यांत वजन ७८.४ वरून ७६.९. चरबी ४३.६ वरून ३८.९ टक्के. शरीराचं वय ७१ वरून ५८. वाचायला किती छान! पण मापाच्या वहीत माझं स्वतःचं पान आहे. दिवाळीत छाती ४२, कंबर ३८. टेप लावली, छाती ४२, कंबर ३८. अर्ध्या इंचाचा फरक नाही. मग हिशेब केला. त्यांच्या टक्क्यांप्रमाणे माझी सव्वाचार किलो चरबी गेली होती, आणि वजन उतरलं होतं दीड किलो. मग उरलेलं पावणेतीन किलो काय वाढलं, तेही अर्धपोटी राहून?

आणि मग उंचीची ओळ दिसली. पहिल्या चिठ्ठीवर १५० सेंटीमीटर, शेवटच्या चिठ्ठीवर १५८. माझी उंची १५६ आहे. जन्मभर दुसऱ्यांची मापं घेणाऱ्या बाईला स्वतःचं माप पाठ असतं. जावेला चिठ्ठ्या आणायला सांगितलं. तिची उंची आधी १४७, नंतर १५४.

डॉक्टरांना दाखवल्यावर त्यांनी समजावलं. त्या मशीनला चरबी दिसत नाही. ते अंगातून अगदी बारीक वीज सोडतं, तिला किती अडथळा होतो ते मोजतं, आणि तुम्ही घातलेली उंची, वय, वजन यांवरून अंदाज काढतं. उंची कमी घातली की चरबी जास्त दिसते, जास्त घातली की कमी. पाणी किती प्यालात, व्यायाम करून आलात का, यानंही आकडा हलतो. म्हणजे पहिल्या दिवशी घाबरवायचं आणि शेवटी टाळ्या वाजवायच्या, दोन्ही एकाच बटणानं. माझ्या आईच्या वयाचा तो ७१ चा आकडा असा तयार झाला होता.

बॅनरचाही हिशेब मी तेव्हाच केला, तो आधी करायला हवा होता. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. दहा किलोच्या झाल्या ७७,०००, म्हणजे महिनाभर रोज अडीच हजारांहून जास्त. माझ्यासारख्या बाईचं शरीर दिवसभरात एवढं खर्चच करत नाही. मी महिनाभर पाण्यावर राहिले असते तरी दहा किलो चरबी गेली नसती. सुरुवातीला भराभर उतरतं ते बरंचसं पाणी, आणि पट्टा बांधून येतो तो निव्वळ घाम.

आम्ही नवरा-बायको सेंटरवर गेलो. कोच म्हणाली, टाईप करताना चूक झाली असेल. दोघींच्या चिठ्ठ्यांत, एकाच बाजूला? मग म्हणाली, माल उघडलाय, पैसे परत मिळणार नाहीत, पण तुम्ही आयडी घ्या, पाच माणसं जोडा, महिन्यात वसूल होईल. म्हणजे माझं नुकसान मी अजून पाच बायकांच्या गळ्यात बांधायचं. जावेचा चेहरा डोळ्यांपुढं आला आणि मला तिथं उभं राहवेना.

त्याच आठवड्यात जावेला धडधड सुरू झाली. बीपी १८०/११०. जिल्हा रुग्णालयात डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "वजनाचं काही घेता का?" हर्बल म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये सिब्युट्रामिन मिसळलेलं सापडतं, असं ते म्हणाले. त्यानं भूक मरते, पण बीपी आणि ठोके वाढतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, म्हणून भारतात २०११ पासून त्यावर बंदी आहे. उरलेल्या कॅप्सूल आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडं दिल्या. कॉटवर पडल्या पडल्या जाऊ मला म्हणाली, "अक्का, तुम्ही सांगितलं म्हणून मी डोळे झाकून घेतल्या." रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

तक्रारीचं थोडक्यात सांगते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर फोन केला. मग जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिला. पाच लाखांपर्यंत दिलेल्या रकमेच्या तक्रारीला तिथं शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. बिल नव्हतं, पण मोबाईलवरच्या पैशांची नोंद होती, बॅनरचा फोटो शेजारणीकडं निघाला, आणि कोचच्या आवाजातले निरोप मी पुसले नव्हते. "चरबी वितळतेय, काही खाऊ नका" हे तिच्याच तोंडचं आहे. औषधानं लठ्ठपणा, मधुमेह, बीपी बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानंच मनाई आहे, हेही तेव्हा कळलं. नोटीस गेल्यावर मला नऊ हजार परत आले. जावेला अजून रुपया आलेला नाही. गाळ्याला कुलूप आहे.

आता आम्ही दोघी पहाटे साडेपाचला कृषी विद्यापीठाच्या रस्त्यानं चालतो. पहिल्या महिन्यात वीस मिनिटं, आता पाऊण तास. घरी खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं, दहा वेळा, दिवसातून तीनदा. या वयात स्नायू झपाट्यानं जातात, नुसतं उपाशी राहिलं तर आणखी जातात, म्हणून ताकदीचा व्यायाम हवा असं डॉक्टर म्हणाले. दर तासाला मशीनवरून उठते. भाकरी परत आली आहे, दोनाची एक झाली, आणि तिच्याबरोबर डाळ, मूठभर फुटाणे, अंबाडीची किंवा मेथीची भाजी. ज्या विद्यापीठात आम्ही चालतो त्यानंच लोह आणि जस्त जास्त असलेली "परभणी शक्ती" ज्वारी शेतकऱ्यांसाठी आणली, आणि मी दोन महिने ज्वारीला विष समजत होते. नऊ महिन्यांत पाच किलो उतरलं. कंबर ३६. रक्त तपासून डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड अर्धी केली.

गेल्या आठवड्यात सेलूहून एक गिऱ्हाईक आली, पन्नाशीची. माप घेताना म्हणाली, "ताई, जरा घट्टच ठेवा, दोन महिन्यांत मी बारीक होणार आहे." पर्समधून तिनं चिठ्ठी काढली. तसाच कागद, तशाच ओळी. शरीराचं वय ६९. मी तिला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं, डोक्यावर पट्टी आडवी धरली, पेन्सिलीनं खूण केली आणि टेप लावली. १५५. चिठ्ठीवर १४८ होते. तिनं ती खूण दोनदा बोटानं चाचपली. सोमवारी ती पैसे भरणार होती.