नातीसाठी घेतलेला अक्षरपत्त्यांचा संच

नात पुढच्या जूनमध्ये पहिलीत जाणार असल्याने, तिला त्याआधी वाचनाची गोडी लागावी या हेतूने तुळशीबागेतल्या एका दुकानातून जाड पुठ्ठ्याच्या अक्षरपत्त्यांचा संच घेतला. त्याची खरी जमेची बाजू म्हणजे अक्षरांचा क्रम. ‘क ख ग घ’ असा वर्णमालेचा क्रम न धरता तो ‘ग म भ न’पासून सुरू होतो, त्यामुळे चार अक्षरे ओळखता येताच मूल ‘मग’, ‘मन’, ‘नभ’ असे शब्द स्वतः जुळवून वाचू लागते, आणि तो आनंद बघण्यासारखा असतो. मात्र प्रत्येक अक्षराचा एकच पत्ता दिल्याने ‘गगन’ काही जुळत नाही; शेवटी दुसरा ‘ग’ मी जुन्या लग्नपत्रिकेवर रंगवला. ‘घ’ आणि ‘ध’ यांतील फरक ठळक छापला आहे. ‘ल’ आणि ‘श’ मात्र हिंदी वळणाचे आहेत, जे 2009 च्या शासन निर्णयातील मराठी वळणाशी जुळत नाही. शाळेत गेल्यावर मुलांचा यामुळे गोंधळ उडू शकतो. पहिली वेलांटी अक्षराआधी लिहितात, पण उच्चारतात नंतर, हे समजावण्याची जबाबदारी संचाने पूर्णपणे पालकांवर सोडली आहे.